आईसाहेबांच्या लहान संगणकास स्मृती बसविली त्याची हकीकत

श्री. बोलणारास वंदन आणि ऐकणारास दोन वेळा वंदन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, शुद्ध पक्ष. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु राज्य शांत होते, पिके घरात आली होती, नदीस पाणी बेताचे होते आणि सरहद्दीवर कोणी कोणाशी भांडत नव्हते. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, सबब लिहिले नाही. ते समयी राज्याचा कारभार मातुश्री अन्नपूर्णाबाईसाहेब पाहत होत्या. त्यांचे यजमान महाराज कैलासवासी जाहल्यास बारा वर्षे जाहली होती आणि आईसाहेबांची दृष्टी जाऊन नऊ वर्षे जाहली होती. दृष्टी गेली तरी कारभार सोडिला नाही. रोज सकाळी सदरेस येऊन बसावे, दिवाण हैबतराव यांनी अर्ज वाचावे, आईसाहेबांनी ऐकावे, आणि हुकूम होईल तो दप्तरदार म्हाळसाबाई यांनी लिहून घ्यावा, ऐसा नऊ वर्षांचा परिपाठ होता. हैबतराव माणूस सज्जन, कामाचा उरक मोठा, आवाज खणखणीत. म्हाळसाबाईंचे वडील याच दप्तरात चाळीस वर्षे बसून वारले, मग ती जागा लेकीकडे आली. बाई पन्नाशीच्या, बोलणे थोडे, नजर बारीक. त्या नजरेने एक गोष्ट पाहून ठेविली होती ती कोणास सांगितली नव्हती. दिवाणजी वाचीत असता कधी कधी दोन पाने एकदम उलटीत. जे पान त्यांस कंटाळवाणे वाटे, रडगाण्याचे वाटे, ते गाळून पुढे जात, आणि स्वर इतका सफाईचा असे की मधले काही गेले ऐसे वाटू नये. बाई पाहत, आणि दौतीत बोरू बुडवून लिहीत, आणि गप्प बसत.

त्यास एक वर्षाखाली ऐसे जाहले की पाठशाळेने जुना म्हणून काढलेला एक लहान संगणक म्हाळसाबाईंनी दप्तरात मागून घेतला. आकार पानाच्या डब्याएवढा, वर धूळ, आत पंखाही नाही. त्यात बाईंनी वाचनाची विद्या घातली, म्हणजे कागद काचेवर ठेवावा, यंत्राने त्याचे चित्र घ्यावे, अक्षरे ओळखावी आणि मोठ्याने वाचून दाखवावी. आवाज बाईचा, थोडा सर्दी जाहल्यासारखा, परंतु शब्द सोडीत नसे. आईसाहेबांनी पहिल्या दिवशी एका पानाचे पत्र शेवटापर्यंत ऐकिले. मग म्हणाल्या, "म्हाळसा, हिने स्वल्पविरामसुद्धा सोडिला नाही गं." तेव्हापासून यंत्र आईसाहेबांच्या खोलीत, उजव्या हाताशी राहिले आणि लहान पत्रे त्यावर वाचली जाऊ लागली. मोठे अर्ज मात्र दिवाणजीच वाचीत.

मग मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस डोहवाडीचा अर्ज आला. डोहवाडी म्हणजे नदीच्या वळणावर भोई लोकांची चाळीस घरे. तेथील डोह एका परमुलखी व्यापाऱ्यास नौकाविहाराकरिता द्यावा आणि घरे उठवून माळावर न्यावी, ऐसे दिवाणजींनी ठरविले होते, आणि त्रयोदशीस करारावर शिक्का व्हावयाचा होता. भोयांनी त्यावर तीनशे अकरा पानांचा अर्ज केला. गावच्या मास्तरांनी घरोघर बसून एकेकाची जबानी घेतली होती आणि टंकयंत्रावर उतरविली होती. हैबतरावांनी अर्ज हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, "आईसाहेब, याचे सार मी चार ओळींत सांगतो. लोक जागा सोडण्यास नाखूष आहेत. समजूत घातली तर जातील." आईसाहेब म्हणाल्या, "तीनशे पानांत एवढेच?" दिवाणजी म्हणाले, "लोकांस एकच गोष्ट तीनशे वेळा सांगण्याची खोड असते." तेव्हा आईसाहेबांनी आज्ञा केली की हा अर्ज मला अथपासून इतिपर्यंत ऐकणे आहे, आणि यंत्राकडून ऐकणे आहे.

यंत्रास अर्ज घातला. चाळीस पाने त्याने नीट वाचली आणि एकेचाळिसाव्या पानावर एका शब्दाच्या मध्यात थबकले. म्हाळसाबाईंनी बंद करून पुन्हा चालू केले, तो पुन्हा एकेचाळिसावर तसेच. मग दहा दहा पानांचे तुकडे करून पाहिले, तरी चार तुकडे जाहले की यंत्राची मान पडे. बाईंचे तोंड उतरले. हैबतराव म्हणाले, "माझ्या कचेरीत मोठा संगणक आहे, तेथे वाचवून ध्वनी घेऊन येतो." आईसाहेब हसल्या आणि म्हणाल्या, "दिवाणजी, तुमच्या कचेरीतून फिरून आले म्हणजे ते मला तुमच्याच आवाजात ऐकू येईल." दिवाणजींस ते लागले, परंतु त्यांनी मुजरा केला. मग आईसाहेबांनी सांगितले, "त्रयोदशीस तिसऱ्या प्रहरी व्यापारी येणार. तोवर यंत्राने वाचले तर मी ऐकून ठरवीन. न वाचले तर दिवाणजींचे सार खरे मानून शिक्का करीन. राज्याने दिलेला दिवस मी मोडणार नाही." आणि ही गोष्ट म्हाळसाबाईंवर आली.

षष्ठीस बाई आणि दिवाणजी दप्तरात बसले. दिवाणजी म्हणाले, "बाई, मला कळत नाही. या डब्यात पाचशे जीबी जागा आहे ऐसे तुम्हीच लिहिले आहे. निम्मीसुद्धा भरली नाही. मग अडते कोठे?" म्हाळसाबाई म्हणाल्या, "दिवाणजी, ते फडताळ जाहले. फडताळात कागदांचे हजार रुमाल बांधून राहतील. परंतु काम करावयाचे म्हणजे रुमाल सोडून बैठकीवर कागद पसरावे लागतात. आपली बैठक दोन हातांची आहे. वाचनाची विद्या पसरली की ती बहुतेक भरते, मग चाळिसांवर अर्जाचे पान ठेवू कोठे? त्या बैठकीस यंत्राची स्मृती म्हणतात, हल्लीचे लोक रॅम म्हणतात. आपल्या यंत्रात ती दोनच जीबी आहे. ती वाढविली पाहिजे." दिवाणजींस हे चटकन उमगले, आणि उमगले म्हणजे ते थांबणारे नव्हते. म्हणाले, "एवढेच ना? मग राज्यास शोभेल ऐसी आणवितो." बाईंच्या मनात आले की आधी डबा उघडून आत काय बसते ते पाहावे, मग मागवावे. परंतु दिवाणजी घोड्यावर बसल्यासारखे निघाले होते, आणि नऊ वर्षे न बोलण्याची सवय जिभेस जडली होती, म्हणून त्या गप्प राहिल्या. ही चूक आपली, ऐसे त्या पुढे स्वतःशी म्हणत.

अष्टमीस मोठ्या शहरातून पेटी आली. आत मखमलीवर दोन स्मृती, पाऊण वीत लांब, पाठीवर पोलादी चिलखत, आणि चालू जाहल्या म्हणजे तांबडे हिरवे दिवे लागतील ऐसी त्यांची ख्याती. एकेक सोळा जीबीची. दिवाणजींनी त्या स्वहस्ते उचलून आईसाहेबांच्या हातावर ठेविल्या आणि आईसाहेबांनी बोटे फिरवून म्हटले, "तलवारीच्या मुठीसारखे लागते." मग म्हाळसाबाईंनी संगणकाच्या तळाचे चार स्क्रू काढिले आणि झाकण उचलिले. आत दोन खोबणी एकावर एक आडव्या, एकीत बोटभर लांबीची एक जुनी स्मृती निजलेली, दुसरी रिकामी. पाऊण वितीची वस्तू बोटभर जागेत जावी कैसी? लांब स्मृती मोठ्या संगणकांच्या आणि आखूड ती लहान डब्यांच्या व लॅपटॉपच्या, हा भेद पेटीवरही लिहिलेला होता, परंतु चिलखताच्या चमकीपुढे तो कोणी वाचला नव्हता. दिवाणजी तांबडे जाहले. म्हाळसाबाई म्हणाल्या, "दोष माझा आहे. मी आधी उघडून पाहावयास हवे होते, आणि आपणांस थांबवावयास हवे होते." दिवाणजी तसेच निघून गेले आणि नवमीस सकाळी आखूड स्मृती घेऊन आले. या खेपेस लांबी बरोबर, रुंदी बरोबर, आणि मुद्रेवर समाधान.

बाईंनी ती जुन्या तुकड्याशेजारी धरून पाहिली. सोनेरी दातांच्या ओळीत एक खाच असते, ती जुन्यात एके जागी आणि नव्यात गव्हाच्या दाण्याएवढी सरकलेली. बाई म्हणाल्या, "ही पुढच्या पिढीची आहे, दिवाणजी. आपले यंत्र तिसऱ्या पिढीचे आणि ही चौथ्या. ही बसणार नाही." दिवाणजी म्हणाले, "दाण्याएवढ्या फरकाने काय होते? दाबले म्हणजे बसते," आणि त्यांनी तो तुकडा खोबणीवर ठेवून अंगठा टेकविला. यंत्राच्या अंगातून बारीक करकर आवाज निघाला. तोच म्हाळसाबाईंनी त्यांचे मनगट धरिले. दप्तरदाराने दिवाणाचे मनगट धरावे, आणि तेही आईसाहेबांच्या समोर, ऐसे या राज्यात पूर्वी घडले नव्हते. दिवाणजी हळू म्हणाले, "बाई, हात सोडा." बाई म्हणाल्या, "आधी आपण तुकडा सोडावा. खाच चुकीने केलेली नाही, चूक होऊ नये म्हणून केलेली आहे. खोबण मोडली तर दुसरी मिळावयाची नाही." बाईंनी हात सोडिला नाही. आईसाहेबांस दिसत नव्हते, तरी सर्व कळले असावे, कारण त्या म्हणाल्या, "दिवाणजी, तुम्ही सदरेस चला. हे काम म्हाळसाचे आहे." दिवाणजींनी अंगठा उचलिला.

मग बाईंनी जुना तुकडा कापडात गुंडाळिला आणि तिसऱ्या प्रहरी स्वतः बाजारात गेल्या. तांबट आळीच्या टोकास दस्तगीर मुजावर म्हणून वृद्ध कारागीर होते, सर्व लोक त्यांस चाचा म्हणत. मोडके लॅपटॉप विकत घ्यावे, सोडवावे, एकाचे हृदय दुसऱ्यास लावून उठवावे, हा त्यांचा धंदा. दुकानात भिंतीभर लहान खण, आणि प्रत्येक खणावर त्यांच्या हातची चिठ्ठी. चाचांनी बाईंस स्टूल दिले आणि प्रथम पुसिले, "जुना नग आणला का?" बाईंनी कापड सोडिले. चाचा म्हणाले, "शाब्बास. निम्मे लोक आणीत नाहीत. म्हणतात मोठीतली मोठी द्या. बाईसाहेब, मोठी मागू नका, जुळती मागा." मग त्यांनी डोळ्यास भिंग लावून चिठ्ठीवरची बारीक अक्षरे वाचिली. म्हणाले, "तिसरी पिढी, आखूड जात. आणि येथे शेवटी एक एल आहे, पुसट जाहला आहे, तो पाहा." बाईंनी पाहिला. समोरच्या खणात हुबेहूब तशीच एक स्मृती पडली होती, खाचही तेथेच. बाई म्हणाल्या, "मग ही का नको?" चाचांनी ती उचलून उलटी केली आणि म्हणाले, "हिला एल नाही. ही दीड व्होल्टवर जगते. तुमचे यंत्र एक पॉइंट पस्तीसच देते. ही आत मजेत बसेल, खटका लागेल, आणि यंत्र उठणारच नाही. मग तुम्ही म्हणाल की यंत्र मेले." बाईंनी पुसिले, "आठ आठचे दोन घातले तर?" चाचा म्हणाले, "यंत्राच्या अंगावर काय लिहिले आहे?" बाईंनी सकाळीच टिपून घेतले होते. म्हणाल्या, "दोन्ही खोबणी मिळून आठ." चाचा म्हणाले, "मग चार आणि चार. त्याच्या पोटाबाहेर वाढू नये."

चाचांनी तीन खण उपसून एल अक्षराच्या, चार जीबीच्या दोन स्मृती काढिल्या, दोन्ही जुन्या लॅपटॉपांतून निघालेल्या, आणि दात खोडरबराने घासून चकचकीत केले. देताना म्हणाले, "बाईसाहेब, मी शपथ घेत नाही. जुना माल आहे. आधी पुरा एक दिवस तपासा, मग कामास लावा. दुसरे काही बिघडले तर ते थांबते, म्हणून कळते. स्मृती बिघडली तर कधी कधी ती थांबत नाही, चुकीचे सांगते, आणि तोंडावरून कळत नाही." बाईंनी दोन्ही स्मृती कागदात बांधून घेतल्या. मग उठून नमस्कार केला आणि निघाल्या.

दशमीस सकाळी बाईंनी हात धुऊन कोरडे केले, लोखंडी कपाटास स्पर्श करून अंगातली वीज घालविली, आणि एकेक स्मृती तिरकी खोबणीत सरकवून वरून अलगद दाबिली. दोन्ही बाजूंचे चाप टक् करून मिटले. यंत्र उठले आणि पडद्यावर आठ जीबी दिसले. आईसाहेबांनी टाळी वाजविली. हैबतरावही आले आणि मोकळ्या मनाने म्हणाले, "बाई, जिंकलात. आता लावा वाचावयास, तीन दिवस उरले आहेत." म्हाळसाबाई म्हणाल्या, "आज नाही. आज तपासणी." आणि त्यांनी तपासणीची विद्या चालू केली, जी स्मृतीच्या प्रत्येक घरात काही ठेविते, पुन्हा काढून पाहते, आणि ठेविले तेच मिळते की नाही ते सांगते. दिवाणजी म्हणाले, "चालते आहे हे डोळ्यांनी दिसते, मग आणखी काय तपासावयाचे? दिवस वाया गेला तर दोष कोणाचा?" बाई म्हणाल्या, "माझा." दिवाणजी गेल्यावर आईसाहेबांनी पुसिले, "म्हाळसा, एवढी खात्री कशाला गं?"

म्हाळसाबाई त्या दिवशी बोलिल्या. म्हणाल्या, "आईसाहेब, एखादे अक्षर आत बदलले तर 'दिले'चे 'नेले' होईल, आणि आपण त्यावर शिक्का कराल. आणि दुसरे सांगावयाचे ते आधीच सांगावयास हवे होते. दिवाणजी पाने गाळतात. दोन पाने एकदम उलटतात. मी नऊ वर्षे पाहते आहे आणि बोलले नाही." आईसाहेबांनी तोंड खिडकीकडे वळविले. मग म्हणाल्या, "मलाही ऐकू येत होते. एक पान उलटले म्हणजे एक आवाज होतो, दोन उलटली म्हणजे जड होतो." बाई थक्क जाहल्या. म्हणाल्या, "मग आपण काही बोलला का नाहीत?" आईसाहेब म्हणाल्या, "बोलले असते आणि ते रागावून गेले असते तर मला वाचून कोण दाखविणार होते? तुझी लेखणी मोकळी नव्हती, माझे डोळे गेलेले. तू भिऊन गप्प राहिलीस आणि मी सोयीने. दोघींचे सारखेच." आणि त्यांनी हात पुढे केला, तो बाईंनी दोन्ही हातांत घेतला, आणि यंत्र शेजारी आपली घरे मोजीत राहिले.

दुपार कलली तेव्हा पडद्यावर तांबडी ओळ उमटली. मग दुसरी. मग सात. काही घरांत ठेवावे एक आणि निघावे दुसरे, ऐसे होते. बाईंनी दोन्ही स्मृती काढिल्या आणि एकादशीस एकेकीस वेगळी तपासिली. पहिलीने घटकाभरातच तांबडी ओळ दाखविली. दुसरी दुपारपर्यंत स्वच्छ निघाली. चाचांकडे माणूस पाठविला, तर त्यांच्याकडे त्या जातीचा तिसरा नग नव्हता, आणि शहरातून मागवावा तर त्रयोदशी टळून जाणार. हैबतराव दारात उभे होते, म्हणाले, "सात घरे खराब, आणि एकंदर घरे किती?" बाई म्हणाल्या, "कोट्यवधी." दिवाणजी म्हणाले, "मग सातांत काय बिघडते? दोन्ही घाला. आठ जीबी हवे होते, आठ आहेत." बाईंना मोह पडला हे खरे. आठ ऐसे लिहून आले म्हणजे सर्वांचे समाधान होते, आणि तीनशे अकरा पानांत त्या सात घरांवर कोणता शब्द पडणार हे कोणास ठाऊक. परंतु त्यांनी खराब तुकडा कागदात बांधून त्यावर 'खराब' ऐसे लिहून फडताळात ठेविला. मग कापडातून दोन जीबीचा जुना तुकडा काढिला, तो चांगल्या तुकड्याशेजारी बसविला, आणि दिवेलागणीपर्यंत दोघांची मिळून तपासणी केली. एकही ओळ तांबडी आली नाही. तेव्हा आईसाहेबांस जाऊन सांगितले, "आठ होत नाहीत. सहा आहेत, परंतु सहाही खरे आहेत." आईसाहेबांनी पुसिले, "सहांत भागेल?" बाई म्हणाल्या, "प्रत्येक पानापाशी थोडे थांबेल, मग वाचील." आईसाहेब म्हणाल्या, "थांबू दे. थांबावयास मला येते."

द्वादशीस सकाळी वाचन लागले. एकेचाळिसावे पान आले तेव्हा म्हाळसाबाईंनी श्वास धरिला. यंत्र थांबले, चार श्वास गेले, आणि ते शब्दाच्या मध्यात न अडता पुढे निघाले. दिवसभर डोहवाडीची माणसे एकामागून एक त्या सर्दी जाहलेल्या आवाजात येऊन बोलून गेली. कोणी जाळ्याची सांगे, कोणी पोरीच्या लग्नाची, कोणी कुत्रा हरवल्याची, आणि खरेच पुष्कळ ठिकाणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येई. हैबतरावही येऊन बसले होते आणि दोनदा त्यांस डुलकी लागली. दिवेलागणीस एकशे नव्वद पाने जाहली. त्रयोदशीस उजाडताच पुन्हा लागले, आणि दोनशे बाराव्या पानावर ठकूबाई भोई, वय वर्षे ब्याऐंशी, यांची जबानी आली. ती ऐसी: "माझी नजर चांगली हाय, पण आता नाव हाकवत न्हाई. अठ्ठावीस वरसं झाली, पौषातली सांज व्हती. महाराज आन् राणीसाहेब पल्याडच्या देवीला जाऊन आमच्या नावेतनं माघारी येत व्हते. माझा मालक वल्हं मारीत व्हता. राणीसाहेबांनी पाण्यात हात सोडला आन् हातातली पाटली डोहात गेली. मालकानं तीनदा बुडी मारली, गावली न्हाई. त्यो थंडीनं काकडाय लागला. तवा राणीसाहेब म्हनाल्या, आता चौथ्यांदा न्हाई, मला पाटली नको, मानूस पायजे. आन् आपली शाल त्याला दिली. महाराज म्हनाले, पाटली डोहात ऱ्हायली, आता तुमी बी डोहावर ऱ्हावा, तुमाला कोन उठवनार न्हाई. लिवून काय दिलं न्हाई. आमी बी मागितलं न्हाई. राजाचा शबुद लिवून कशाला घ्यायचा?"

आईसाहेबांनी हात वर केला. बाईंनी यंत्र थांबविले. आईसाहेबांचा दुसरा हात स्वतःच्या रित्या मनगटावर गेला होता आणि तेथे काही चाचपीत होता. म्हणाल्या, "पुन्हा." यंत्राने पुन्हा वाचिले. म्हणाल्या, "पुन्हा." तिसऱ्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले आणि त्या हसत होत्या. "ती शाल निळी होती," त्या म्हणाल्या, "आणि तो नको नको म्हणत होता. म्हाळसा, मी हे विसरून गेले होते गं. पाटली कोठे गेली म्हणून मागाहून पुष्कळांनी पुसिले आणि मी सांगे की आठवत नाही, आणि मग खरेच आठवेनासे जाहले." मग उरलेली नव्याण्णव पानेही त्यांनी ऐकिली, एकही सोडिले नाही. तिसऱ्या प्रहरी व्यापारी आला, त्यास विडा दिला, सन्मानाने बसविले, आणि सांगितले की डोह देणे होत नाही, तेथे महाराजांचा शब्द आहे आणि तो माझ्या समोर दिला गेला आहे. व्यापारी भला माणूस होता, तो उठून गेला.

सदर रिकामी जाहली तरी हैबतराव उठेनात. शेवटी म्हणाले, "आईसाहेब, ते पान मी पाहिले होते. पंचमीसच पाहिले. म्हातारीची बडबड म्हणून सोडिले. मला वाटे, मी आपला भार हलका करतो." आईसाहेब म्हणाल्या, "करीतच होता. मी करू दिला." दिवाणजी म्हणाले, "नऊ वर्षांत आणखी काय काय सोडिले ते सांगून मोकळा जाहलो असतो. परंतु आता मलाच आठवत नाही." आईसाहेब रागावल्या नाहीत आणि समजूतही घातली नाही. म्हाळसाबाईंस आज्ञा केली की नऊ वर्षांचे सर्व अर्ज दप्तरातून काढा आणि रोज एक रुमाल सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला रुमाल आला तेव्हा दिवाणजी आपण होऊन काचेपाशी बसले, आणि एकेक पान स्वतः उचलून यंत्रापुढे ठेवू लागले. दोन पाने चिकटलेली निघाली तर बोटास पाणी लावून सोडवीत.

इतका मजकूर घडला. चाचांनी माघ मासात एल अक्षराची आणखी एक चार जीबीची स्मृती पाठविली, ती दोन दिवस तपासून बसविली, आणि यंत्र पानापाशी थांबेनासे जाहले. ठकूबाई भोई पुढील वैशाखात आपल्या घरी, डोहाच्या काठी वारली. जुने अर्ज वाचता वाचता एकशे चौदा हुकूम फिरले. काही लोकांस न्याय पोहोचला, काही तोवर गेले होते, त्यांच्या मुलांस पोहोचला. वाचन अद्याप चालू आहे. लिहिणाराने कानांनी ऐकिले तितके लिहिले, पान गाळिले नाही.